शब्दचर्चा : तगादा, मानधन, येणे, थकबाकी – अडकलेले पैसे मागताना कोणता शब्द वापरावा?

प्रश्न (नाशिक, अनुवाद व मुद्रितशोधन)

एका संस्थेच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद मी केला. शब्दामागे दर मेलवर ठरला होता. काम वेळेत दिलं, पुस्तिका छापून वाटलीही गेली. बिलाची आठवण केल्यावर उत्तर आलं : "आपले मानधन प्रक्रियेत आहे. कृपया तगादा लावू नये."

पैसे मिळतील तेव्हा मिळतील, पण हे वाक्य मला फार लागलं. 'तगादा' म्हटल्यावर चूक मागणाऱ्याची आहे असं ध्वनित होतं का? ठरलेल्या दराने केलेल्या कामाच्या पैशांना 'मानधन' म्हणणं बरोबर आहे का? आणि आता रीतसर पत्र लिहायचं तर त्यात 'थकबाकी' लिहू, 'येणे' लिहू की 'उधारी'?

प्रतिसाद (पुणे, भाषेचे निवृत्त शिक्षक)

'तगादा' अरबी-फारसीतल्या 'तकाझा'वरून आला. तकाझा म्हणजे आपल्या हक्काची मागणी. ज्या धातूपासून 'काझी' झाला त्याच धातूपासून हाही झाला, आणि आपला 'कज्जा'सुद्धा त्याच घरातला. म्हणजे न्यायनिवाडा, वाद आणि हक्काची मागणी हे तिन्ही शब्द सख्खे आहेत. मुळात या शब्दात काहीही कमीपणा नाही. ज्याचं येणं आहे त्यानेच तगादा करायचा असतो.

मराठीत मात्र तो सावकाराच्या आणि वसुलीवाल्याच्या तोंडी फार राहिला. 'लावणे' हे क्रियापदही त्याला चिकटलं. तगादा लावतात, सपाटा लावतात, पिच्छा पुरवतात, ही सगळी एकाच सुराची भाषा. त्यामुळे आज 'तगादा लावू नये' असं कुणी लिहिलं की ऐकणाऱ्याच्या मनात ऋणको बिचारा होतो आणि धनको निर्दय. ताई, तुम्हाला ते लागलं ते योग्यच आहे. उत्तरात त्या शब्दावर वाद घालू नका, आपला शब्द वापरा : 'मागणी'. "दिनांक अमुकच्या बिलाच्या रकमेची ही लेखी मागणी आहे." एवढ्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

जाता जाता : 'तक्रार' हा शब्दही अरबीच, आणि तिथे त्याचा अर्थ पुनरुक्ती, पुन्हापुन्हा सांगणे. एकदा सांगून कोणी ऐकत नाही म्हणून सांगणं आणि कुरकुर एकमेकांत मिसळले असावेत, असं आपलं मला वाटतं.

प्रतिसाद (कोल्हापूर, पुस्तकांची चित्रं व मुखपृष्ठं)

'मानधना'बद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. व्याख्यान दिलं, परीक्षक म्हणून गेलो, दिवाळी अंकाला कविता दिली, तिथे मानधन ठीक. दर ठरलेला नसतो, देणारा आपल्या ऐपतीप्रमाणे मान राखतो, घेणारा किती म्हणून विचारत नाही. पण शब्दामागे दर किंवा चित्रामागे रक्कम ठरली की तो व्यवहार झाला. त्याला 'मोबदला' म्हणावं. मोबदला म्हणजे अदलाबदल : मी काम दिलं, तुम्ही पैसे द्या. 'मेहनताना' चालेल, 'फी' तर सगळ्यांनाच कळते.

शब्द बदलल्याने काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. ज्या ठिकाणी हिशेबाच्या कागदावर 'मानधन' हे खातं असतं, तिथे ते सगळ्यात शेवटी निघतं. कागदवाल्याचं बिल निघतं, छापखान्याचं निघतं, वाहतुकीचं निघतं. चित्रकाराचं आणि अनुवादकाचं 'मानधन' मात्र पुढच्या बैठकीवर जातं, कारण मान काय, केव्हाही देता येतो. म्हणून मी दरपत्रकावरच 'कामाचा मोबदला' असं छापून घेतलं आहे, आणि समोरच्याने मेलमध्ये 'मानधन' लिहिलं तर उत्तरात मुद्दाम 'मोबदला' लिहितो.

प्रतिसाद (सांगली)

'बिदागी' राहिली. कीर्तनकाराला, गायकाला निरोप देताना हातावर ठेवतात ती. आमच्याकडे अजून म्हणतात. पण बिलावर लिहायचा शब्द नव्हे.

प्रतिसाद (ठाणे, वकिली)

मोबदला आणि मानधन यांतला फरक वर चांगला आला आहे. न्यायालय नुसत्या नावावर जात नाही, काय ठरलं होतं ते पाहतं. दर मेलवर ठरला आहे ही तुमची भक्कम बाजू. मला दुसऱ्या तीन शब्दांकडे लक्ष वेधायचं आहे, कारण पैशांचे बहुतेक वाद त्यांच्या गल्लतीतून उभे राहतात : पोच, मान्यता आणि कबुली.

'मिळालं, बघून सांगतो' ही पोच. फाइल पोचली एवढंच त्यातून सिद्ध होतं. 'ठीक आहे, छापायला पाठवतो' ही मान्यता, म्हणजे काम पसंत पडलं. 'तुमचे पैसे पुढच्या महिन्यात देतो' ही कबुली, म्हणजे देणं आहे हे त्याने स्वतः म्हटलं. तिन्हींची ताकद वेगळी.

मान्यता कोणी दिलीच नाही तर? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांचा २००६ चा कायदा आहे. त्यात सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठी अशी सोय आहे की काम दिल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिलं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं मानलं जातं. मुदत ठरली नसेल तर पैसे १५ दिवसांत द्यावे लागतात. ठरली असेल तरी ती स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सेवा देणारेही यात येतात, म्हणजे अनुवादकसुद्धा. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि मोफत होते, पण काम हाती घेण्याआधीची असावी. मागाहून केलेल्या नोंदणीवर आधीच्या कामाचा फायदा मागू गेल्यास अडचण येते. तक्रार याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे जाते आणि ती ऑनलाइन करता येते. ताई, तुमची नोंदणी आहे का ते आधी बघा.

नोंदणी नसली तरी येणं बुडत नाही. साधा दिवाणी दावा आहेच. तिथे मुदतीचा कायदा लागतो : केलेल्या कामाच्या पैशांसाठी तीन वर्षं. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. म्हणून नुसत्या 'प्रक्रियेत आहे'वर समाधान मानू नका. रक्कम आणि बिलाची तारीख लिहून विचारा : "ही रक्कम आपल्याकडून येणे आहे, हे बरोबर ना?" उत्तरात 'हो' आलं की कागद बोलू लागतो.

त्यांनी चेक दिला आणि तो वटला नाही, तर मात्र वेळ फार थोडा असतो. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग त्यांना पैसे भरायला १५ दिवस, आणि तेही टळले तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार.

प्रतिसाद (इचलकरंजी, हिशेबनीस)

येणे, थकबाकी, उधारी हे आमच्या वहीतले शब्द, म्हणून लिहिते.

'येणे' म्हणजे मिळायची रक्कम, मुदत संपलेली असो वा नसो. आज बिल दिलं की आजच ते येणे. मुदत टळली की 'थकबाकी'. म्हणून मुदतीच्या आत 'थकबाकी' लिहिलं तर समोरचा दुखावतो आणि त्याचं बरोबर असतं. मुदतीनंतरही नुसतं 'येणे' लिहीत राहिलात तर तो निवांत राहतो. 'उधारी' म्हणजे आपण आपल्या राजीखुशीने मागाहून घ्यायचं कबूल केलेलं. तुम्ही उधारीवर अनुवाद केला नव्हता, तेव्हा हा शब्द तुमच्या पत्रात नको. 'उसने' तर अगदी वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.

आणखी एक. तुमच्या पॅनवर २६एएस, म्हणजे तुमच्या नावे कापून भरलेल्या प्राप्तिकराचा उतारा, काढून बघा. त्यांनी टीडीएस कापून भरलेला दिसला, तर त्यांच्या वहीत तुमचं बिल जमाखर्ची पडलेलं आहे. एवढ्यावरून कबुली ठरेलच असं वकील म्हणणार नाहीत, पण 'बिल मिळालंच नाही' असं म्हणायची सोय उरत नाही.

प्रतिसाद (बीड)

पुढच्या कामासाठी सांगतो. आगाऊ रक्कम मागताना काही मित्र 'उचल' म्हणतात. आमच्याकडे उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. ती फेडायला कोयता घेऊन हंगामभर राबावं लागतं, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. उचल घेणारा देणेकरी असतो. तुम्ही देणेकरी नाही, म्हणून 'आगाऊ' म्हणा.

'इसार' किंवा 'बयाणा' हे त्याहून वेगळे. ते सौदा पक्का केल्याची खूण असतात, आणि देणाराच मागे फिरला तर ते बुडतात, असा रिवाज. क्लायंट अर्ध्यात काम सोडतात असा अनुभव असेल, तर पहिल्या रकमेला 'इसार' म्हणावं आणि तो परत मिळणार नाही हे स्पष्ट लिहावं. नुसतं 'आगाऊ' लिहिलं तर ती परत मागितली जाऊ शकते.

प्रश्नकर्ती (नाशिक)

सगळ्यांचे आभार. उद्यम नोंदणी आहे, काम घेण्याआधीची. २६एएस आज बघते. मसुदा असा केला आहे, शब्द तपासाल का?

"आपल्या माहितीपुस्तिकेच्या अनुवादाचे काम ठरलेल्या दराने पूर्ण करून दिले. आपण ते छापून वापरले असून त्याबाबत कोणतीही लेखी हरकत आलेली नाही. सोबतच्या बिलातील मोबदल्याची रक्कम मुदत उलटूनही थकित आहे. ही त्या रकमेची लेखी मागणी आहे. रक्कम मान्य असल्याचे आणि ती कोणत्या तारखेला जमा होईल ते उलट मेलने कळवावे."

प्रतिसाद (ठाणे, वकिली)

उत्तम. छापून वापरलं हे घातलंत ते फार महत्त्वाचं. बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम अंकी व अक्षरी टाका. मेलसोबत स्पीड पोस्टनेही पाठवा. थोडी रक्कम देऊन 'पूर्ण रक्कम भरून पावलो' अशी पावती मागितली तर सही करू नका. 'अमुक रक्कम मिळाली, बाकी येणे' असंच लिहून द्या.

प्रतिसाद (पुणे, भाषेचे निवृत्त शिक्षक)

एकच दुरुस्ती. 'थकित' नको, 'थकीत' हवं. हा तत्सम शब्द नाही, मराठी 'थकणे'वरून झालेला आहे, आणि आपल्या अकारान्त शब्दांत शेवटून दुसरा इकार दीर्घ असतो. वर्तमानपत्रांत ऱ्हस्व छापलेला दिसतो, म्हणून हात तसा वळतो. बाकी पत्राला हात लावू नका, आजच पाठवा.