सणाची तळणी, जत्रेचं मटण आणि तुंबलेलं सिंक : आपापले अनुभव लिहा

दिवाळी तोंडावर आली. चकल्या, करंज्या, शंकरपाळ्यांच्या कढया चढतील आणि भाऊबीज आटोपली की प्लंबरांचे फोन वाजायला लागतील. बेळगावात जुन्या घरांचं मोरीचं पाणी परड्यातल्या केळीला जायचं, भांडी राखेनं निघायची. आता तीच कढई तिसऱ्या मजल्यावरच्या सिंकमध्ये धुतली जाते आणि खाली जाणारा पाईप सगळ्या बिल्डिंगचा एकच असतो.

आमच्या घरी नियम आहे : तेलकट भांड्याला पाणी लागायच्या आधी कागद लागला पाहिजे. कढई कोमट असतानाच जुन्या पेपरानं पुसायची, कागद कचऱ्यात टाकायचा, मग घासायला घ्यायची. झारा, सोऱ्या, तेल निथळायची चाळणीसुद्धा. तुमच्याकडे काय करतात? सीमाभागातल्या सगळ्यांनी लिहा. एखादा उपाय चालला नसेल तर तोही सांगा.

टिळकवाडी
अपार्टमेंटचा कारभार माझ्याकडे आहे म्हणून लिहितो. मागच्या दिवाळीनंतर तळमजल्यावरच्या काकूंच्या सिंकमधून वरच्या घरांचं खरकटं पाणी उलटं वर आलं. तळणी वरच्यांची, त्रास त्यांना. प्लंबरनं वळणाचा तुकडा कापून काढला, तो मी हातात घेऊन पाहिला. आत पिवळट पांढरा थर, नखानं खरवडला की मेणासारखा निघत होता. त्यात भाताची शितं, चहापत्ती, खोबऱ्याचा कीस रुतलेला. मधे अंगठा जाईल एवढीच वाट. तो तुकडा मी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला आणि मग फार बोलावं लागलं नाही. आता पार्किंगमध्ये झाकणाचा कॅन असतो. वापरलेलं तेल गार करून, गाळून त्यात ओतायचं. भाडेकरू बदलले की मी स्वतः जाऊन सांगतो, कारण नोटीस कुणी वाचत नाही.

अनगोळ, प्लंबिंगचं काम करतो
लोक पहिल्यांदा काय करतात तर उकळतं पाणी ओततात. ‘गेलं बघा’ म्हणतात. गेलं नाही ओ, पुढं सरकलं. पाणी जाता जाता गार होतंय आणि तेल तिथं धरतंय. सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारी वाटी, खोलून भागलं असतं, तिथं फरशी फोडायची पाळी येते. कॉस्टिकची पावडर तर टाकूच नका. तेलासंगं तिचा साबण होऊन गठ्ठा बसतो, पाणी लागलं की ती तापते, पीव्हीसीचे जोड खराब होतात. वर मी पाईप खोलायला गेलो की तेच पाणी माझ्या हातावर, डोळ्यांत उडतंय. टाकलेली असली तर आधी सांगा तरी! सोडा-व्हिनेगरला फेस येतो, पण जुना थर त्यानं हलत नाही. आणि बेसनाचा हात सिंकमध्ये धुऊ नका. पीठ तेलासंगं बसलं की लई घट्ट.

चिकोडी, रसायनशास्त्र शिकवते
वरच्या दादांनी सांगितलं त्यात एक भर. पाईपात पडून राहिलेल्या तेलातून फॅटी आम्लं सुटतात. आपल्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं. दोन्ही मिळून पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो, म्हणून थर नुसता चिकट न राहता कडक होतो. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात २०१७ मध्ये गटारात असाच गोळा सापडला होता, सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टनांचा. भांड्यांच्या लिक्विडवरही भिस्त नको. ते तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळतं, पुढे पाणी वाढलं की थेंब पुन्हा एकत्र येतात. डालडा तर थंडीत लगेच थिजतो, पण शेंगतेल पातळ राहतं म्हणून ते ओतलेलं चालतं असंही नाही.

खानापूर तालुका
आमच्याकडे दिवाळीपेक्षा जत्रेत जास्त. पै-पाहुणे, मटणाची मोठाली पातेली. बोकडाची चरबी लवकर गोठते, पंगत उठेस्तोवर ताटाला पांढरी कड धरते. आई ताटांवर चुलीतली राख टाकते, नारळाच्या शेंडीनं पुसते आणि ती राख परड्यात खड्डा काढून मातीखाली ढकलते. उघडी ठेवली तर कुत्री उकरतात. उरलेला रस्सा रात्रभर गार झाला की वर घट्ट साय येते, ती डावानं अलगद उचलून डब्यात. सेप्टिक टँक असलेल्यांनी तर जपाच. चरबी टाकीत वर तरंगते, थर वाढला की शोषखड्ड्यात जाते, आणि एकदा तिथली माती बुजली की पाणी मुरत नाही.

निपाणी
मी फराळाच्या ऑर्डरी घेते. सिंकखाली ग्रीस ट्रॅपची पेटी बसवून घेतली. तेल हलकं म्हणून वर राहतं, पाणी खालच्या वाटेनं बाहेर जातं. पण वरचा थर आपल्याच हातानं काढावा लागतो, त्याचा कंटाळा केला तर पेटी असून उपयोग नाही. उरलेल्या तेलाचं मला जास्त वाटतं. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्याच्या धंद्यात वापरता येत नाही. त्याच वर्षी वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्यासाठी त्याच संस्थेचा ‘रुको’ हा उपक्रम सुरू झाला. म्हणून दारावर कुणी काळं तेल विकत मागितलं तर मी आधी कुठं नेणार ते विचारते. ते परत कुणाच्या भज्यांत जायला नको.

शहापूर
शहरातलं सांडपाणी बळ्ळारी नाल्याला लागतं आणि पावसाळ्यात नाला फुगला की आमच्या भातात शिरतं. पाणी ओसरल्यावर रोपांवर जे बसतं ते आम्ही बघतो. कढई पुसणाऱ्या प्रत्येकाचे आभार.

वडगाव
थोडंच तेल उरलं तर गाळून अंगणातल्या पणत्यांना घालतो. देवापुढच्या समईला नाही. तळाचा गाळ लाकडाच्या भुशात मुरवून कचऱ्यात.
माझा प्रश्न : सिंकचं पाणी आताच हळू उतरतंय. दिवाळीआधी काय करू?

अनगोळ
ट्रॅपखाली बादली ठेवा, वाटी हातानं फिरवून खोला, पाना लावू नका. आतली घाण काठीनं काढून पेपरात गुंडाळा. वॉशर पुसून होता तसाच बसवा. बादलीतलं पाणी सिंकमध्ये परत ओतू नका, परड्यात टाका. एवढं करून पाणी थांबलंच तर अडकलंय पुढच्या लाइनीत. मग तळणीच्या आधी बोलवा, फराळाच्या दिवशी नको.