मदत हवी आहे: ओएसपीएफ खराब वायरलेस लिंकच धरून बसतं

नमस्कार मंडळी. मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत, शाळा आणि वाचनालय 5 गिगाहर्ट्झ रेडिओंनी त्रिकोणात जोडलंय. तिन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटी (मुक्त राउटर सॉफ्टवेअर) घातलेले राउटर, त्यावर ओएसपीएफ (डेटाची वाट आपोआप निवडणारा राउटिंग प्रोटोकॉल). इंटरनेट फक्त पंचायतीत.

शाळा ते पंचायत ही थेट लिंक सागाच्या झाडोऱ्यातून जाते. उन्हाळ्यात पानगळ झालेली, तेव्हा मस्त चालते. पावसाळ्यात पानं फुटली की पॅकेट गळायला लागतात. पण अधूनमधून हॅलो (‘मी चालू आहे’ असं शेजारच्या राउटरला सांगणारे छोटे संदेश) पोचतातच, त्यामुळे लिंक जिवंत धरली जाते आणि ट्रॅफिक तिथूनच रेटतं. वाचनालयावरून फिरून येणारी वाट स्वच्छ असून रिकामी!

थेट लिंकची कॉस्ट (वाट निवडतानाचा आकडा, कमी तो पसंत) हाताने वाढवली, तर कोरड्या दिवसांतही सगळा भार वाचनालयावर. डेड इंटरव्हल (इतका वेळ हॅलो आला नाही तर लिंक मेली असं धरतात) 40 सेकंदांवरून खाली आणला, तर रूट सारखा इकडून तिकडे. जमीन वनखात्याची, तेव्हा झाडं छाटा असं कृपया कोणी सुचवू नका. नवीन रेडिओला पैसे नाहीत.

आता ओएसपीएफऐवजी बेबल हा दुसरा राउटिंग प्रोटोकॉल लावायचा विचार आहे, कारण तो लॉस (किती पॅकेट गळतात ते) मोजून मेट्रिक, म्हणजे लिंकची कॉस्ट, ठरवतो. पण रेडिओ राउटरला इथरनेटने जोडलेत, म्हणजे त्याला ही वायरच वाटणार आणि तो लॉस मेट्रिकमध्ये धरणार नाही. इंटरफेस टाइप वायरलेस दिला तर मेट्रिक खरं येतं, की रेडिओ आतल्या आत पॅकेट पुन्हा पाठवून लॉस लपवतात? कोणी अशा जोडणीत बेबल चालवलाय का?