बुटक्या एक्झोराची नवी पानं पिवळी येताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात तळमजल्यावर घर आहे, पुढे जेमतेम ४ बाय १० फुटांची मातीची पट्टी. गेल्या जूनमध्ये तिथे लाल एक्झोराच्या बुटक्या जातीची ६ रोपं लावली. शेजारी मोगरा आणि बुटकी तगर. तगरीकडे कुणी बघितलं नाही तरी ती मजेत असते. मोगराही फेब्रुवारीत छाटला तो उन्हाळाभर ओंजळभर फुलं देत राहिला.

घोडं अडलंय एक्झोरापाशी. नवी पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्यागार. जुनी पानं ठीक आहेत. नत्र कमी असतं तर आधी खालची पानं पिवळी पडली असती, म्हणून मला लोहाची शंका येते. बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो. माती काळी, चुनखडीची. पावसाळ्यात झाडं सुधारली होती, दिवाळीनंतर पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या ताक घाल. घातलं, मुंग्या तेवढ्या खूश झाल्या.

चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं) फवारावं की मुळाशी द्यावं? गंधक मिसळून अशा मातीचा सामू (पीएच) खरंच उतरतो का, की सरळ लाल माती आणि शेणखत भरून कुंड्यांत हलवू? मुळं दुखावतील याची धास्ती वाटते. शिवाय छाटणी कधी करता? फुलं फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे कात्री लावायला हात धजावत नाही. सकाळचं ऊन ५ तास मिळतं. स्वतः करून पाहिलेलं असेल ते आधी सांगा.