आईचं वय ७२, अंगातली ताकद कमी झालीय. गच्चीत काय लावू?

सकाळपाळी:
नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी आहे. दीड वर्षापूर्वी बाबा गेले, तेव्हापासून ती स्वतःपुरतं काही रांधत नाही. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी दोन घास, रात्री विचारलं तर "भूक नाही". वर्षभरात वजन ५८ वरून ५२ किलोवर आलं. परवा ती खुर्चीतून उठत होती. दोन्ही हातांनी जोर दिला, अर्धवट उठली, परत बसली, मग दुसऱ्यांदा जमलं. मला पोटात कालवल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी साखर, थायरॉइड, मूत्रपिंड सगळं तपासलं, सगळं ठीक आहे. स्नायू झिजलेत, प्रथिनं वाढवा, हालचाल वाढवा, असं म्हणाले.

आमची गच्ची रिकामी आहे आणि ऊन चांगलं सहा-सात तास येतं. आईला पूर्वी झाडांचं वेड होतं. मनात आहे की गच्चीत भाज्या लावाव्यात, म्हणजे घरचं, फवारणी नसलेलं पोटात जाईल आणि ताकद भरून येईल. काय लावू? किती कुंड्या? मी दिवसभर कामावर असते, ती घरी एकटीच असते.

तराजू:
ताई, गच्ची जरूर लावा. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण माझी यात दोन वर्षं गेली. कुंडीतल्या भाजीने आईंची ताकद भरून येणार नाही.

माझं वय ७३. शाळेच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली, त्यामुळे मोजून लिहून ठेवायची सवय हाडात मुरलीय. गच्चीतलं जे जे खुडतो ते तोलून वहीत लिहितो, नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षी ११ कुंड्यांमधून पालेभाजी १४ किलो, टोमॅटो १९ किलो, शेंगा ६ किलो. ऐकायला भरपूर वाटतं ना? आता हिशेब बघा. पालकाच्या अख्ख्या किलोत प्रथिनं जेमतेम २९ ग्रॅम. पासष्टीच्या पुढे, मूत्रपिंड ठीक असेल तर, दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे तुमच्या आईंना ५२ ते ६२ ग्रॅम. ती पालकातून काढायची तर रोज दोन किलो पालक खावा लागेल.

तीच प्रथिनं अशी येतात: ८० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्यं, त्यांचे झाले साधारण १८ ग्रॅम. दोन अंडी, १२. दोन पेले दूध किंवा तेवढं दही, १३. राहिलेली धान्यातून आणि बाकीच्या जेवणातून भरून निघतात. यातलं गच्चीत काहीच पिकत नाही आणि पिकवायचा हट्टही धरू नका.

आणि हे सगळं एका जेवणात कोंबू नका. वय झालं की थोड्याशा प्रथिनाला स्नायू दाद देत नाहीत, एका बैठकीला वीस-पंचवीस ग्रॅम पोटात गेलं तर देतात. म्हणून आईंचं खरं भगदाड सकाळी आहे. चहा-बिस्किटात प्रथिनं दोन-तीन ग्रॅम असतील नसतील. ज्या दिवशी सकाळी दोन अंडी आणि एक पेला दूध सुरू होईल, त्या दिवशी अर्धं काम झालं असं समजा. अंडी चालत नसतील तर डाळीचं काहीतरी आणि दही.

मग गच्ची कशाला? तर पायांसाठी, आणि भुकेसाठी. जे आपण स्वतः खुडून आणलं ते ओट्यावर नुसतं पडू देववत नाही. बायको गेल्यावर मीही तुमच्या आईंसारखाच चहावर दिवस काढत होतो. एका संध्याकाळी मूठभर पालक खुडून आणला आणि तो वाया जाऊ नये म्हणून गॅस पेटवला. पालकासोबत डाळ शिजली, डाळीसोबत मी जेवलो. त्या मुठीत ताकद नव्हती, पण ताट तिच्यामुळे मांडलं गेलं.

आता जपायचं काय ते. माझ्या ६६ व्या वर्षी मी दहा लिटरची भरलेली झारी एका हातात घेऊन गच्चीच्या ओल्या फरशीवरून वळलो आणि पडलो. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, तेवढ्यात अकरापैकी नऊ कुंड्या वाळल्या आणि प्लास्टर काढलं तेव्हा हात काडीसारखा झालेला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मुलांना शिकवणाऱ्या माणसाला दहा किलोचा झोक कळू नये याचं आजही वाईट वाटतं. तेव्हा: पाच लिटरच्या दोन झाऱ्या, दोन्ही अर्ध्याच भरायच्या, दोन्ही हातांत एकेक. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. नळ गच्चीतच. आणि जमीन ओली असेल तर वाट बघायची, झाडं तासभर थांबतात.

कुंड्या भरायच्या आधीच जागेवर ठेवा. वीस लिटरची कुंडी भिजल्यावर पंचवीस-तीस किलो होते, ती सरकवायला आईंना कधीही लागू नये. नारळाच्या भुशाचं मिश्रण वापरलंत तर बरीच हलकी होते. सगळ्या कुंड्या भिंतीकडेने ठेवा, मध्ये जड काही नको, आणि पाणी जायची जाळी मोकळी.

किती कुंड्या, तर पहिल्या वर्षी पाच. तीन पसरट, वीत-सव्वा वीत खोल, पालेभाजीला. पालक ३५-४० दिवसांत हाताशी येतो, बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब ठेवायचा, रोप पुन्हा देतं. दर पंधरा दिवसांनी एका कुंडीत नवं बी टाकलं की खंड पडत नाही. एका कुंडीत बुटक्या जातीच्या शेंगा. आणि एकच टोमॅटो, वीस लिटरमध्ये, बारीक फळाचा.

टोमॅटोबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नवी माणसं इथेच खचतात. फळ हिरवं असतानाच त्याच्या बुडाशी पाणचट डाग दिसतो, चार दिवसांत तो काळा, चामड्यासारखा, आत दबलेला होतो. मला रोग वाटला. मग कुणी म्हणालं चुना कमी आहे, म्हणून दोन वर्षं अंड्यांची टरफलं कुटून घातली. डाग काही गेले नाहीत. मातीत चुना होता, तो फळापर्यंत पोचत नव्हता, कारण मी एक दिवस कुंडी तुडुंब भरायचो आणि दोन दिवस कोरडी ठेवायचो. चुना पाण्याबरोबर चढतो. रोज ठरल्या वेळी तेवढंच पाणी आणि मातीवर दोन बोटं वाळक्या पानांचा थर, एवढ्यावर पुढच्या घोसापासून डाग थांबले.

आणि मुख्य गोष्ट. नुसतं पाणी घालणं म्हणजे स्नायूंचा व्यायाम नव्हे. कुंड्यांजवळ एक घट्ट, न हलणारी, हात्यांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. एक कुंडी झाली की बसायचं, उठायचं, मग दुसरी. आज हात टेकून, महिन्याने एक हात टेकून. पाच कुंड्या म्हणजे पाच उठबशा, सकाळ-संध्याकाळ दहा. उशीर झाला असं वाटून घेऊ नका. १९९० मध्ये अमेरिकेत मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घ्यायला घेतला. ज्यांनी पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदी! तुमच्या आई तर बहात्तर.

निळाई:
तराजूकाकांनी सगळं लिहिलंच आहे, एक भर घालते. आई रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत असतील तर पालेभाजी वाढवायच्या आधी डॉक्टरांना सांगा. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. माझ्या बाबांना घरच्या पालकाचा इतका आनंद झाला की रोज वाडगाभर खायला लागले आणि पुढच्या तपासणीत आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) एकदम खाली. भाजी बंद करावी लागत नाही. रोज साधारण तेवढीच खायची आणि गोळीचा डोस त्या हिशेबाने डॉक्टर बसवतात. मात्र एक आठवडा भरपूर, एक आठवडा शून्य, असं नको.

सकाळपाळी:
खूप खूप आभार. काका, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. ताट मांडल्याचं वाचलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण मोबाइल मागून घेऊन पुन्हा वाचलं. वॉरफेरिन घेत नाही, फक्त अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे, बरीच वर्षं.

दोन शंका. अंडी चालतात तर गच्चीत दोन-तीन कोंबड्या पाळू का? आणि कडधान्यांना मोड आणून कच्चीच दिली तर जास्त गुण येईल ना?

खुराडं:
कोंबड्यांचं मी सांगते, माझ्याकडे पाच आहेत. आत्ता नको. कोंबडी रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते, पण अंडी वर्षभर सारखी देत नाही. दिवस लहान झाले, पिसं झडू लागली की थांबते, आणि तुमचं रोजच्या दोन अंड्यांचं गणित तिच्यावर टाकता येत नाही. खुराडं रोज साफ करावं लागतं, ते वाकून, घसरड्या जागेत. एकटीने राहणाऱ्या, पाय डळमळणाऱ्या माणसाचं हे काम नाही. आई सावरल्या, घरात दुसरा हात असला, तर मग बघा. माझा त्या पाचींवर अतोनात जीव आहे, तरी हेच सांगेन. आणि पुढेमागे जमिनीवर पाळल्यात तर आधी मातीतलं शिसं तपासून घ्या. जुन्या घराच्या रंगाचे पोपडे पडलेल्या मातीत कोंबड्या चरल्या तर ते शिसं अंड्यात उतरतं.

तराजू:
मोडांबद्दल: मोड आणा, पण शिजवून द्या. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांमधून ई. कोलायची मोठी साथ आली होती, पन्नासच्या आसपास माणसं गेली. उतारवयात असं दुखणं झेपत नाही. शिजवल्याने मोडांतलं क जीवनसत्त्व थोडं कमी होईल, ते ताज्या टोमॅटोतून भरून काढा. डाळ-पालकासोबत कच्चा टोमॅटो खाल्ला तर त्यातलं लोहही जास्त अंगी लागतं.

अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे हे वाचून थांबलो. त्या गोळ्यांमुळे बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि म्हातारपणात पोटातलं आम्ल तसंही कमी होतं. बी-१२ कुठल्याच भाजीत नसतं. तुम्ही लिहिलेल्या तपासण्यांत ते दिसलं नाही, तेवढं डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

आणखी दोन बारक्या गोष्टी. मातीची पिशवी उघडताना तोंड लांब, नाकावर मास्क, आणि आधी थोडं पाणी शिंपडायचं. सुकी माती उडाली तर तिच्यातून फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर ते घ्या. आणि कुंड्यांना पाणी घालायच्या आधी आईंनी स्वतः एक पेला प्यायचा. या वयात तहान लागलेली कळत नाही, मी हे झाडांच्या वेळेला बांधून टाकलंय.

सकाळपाळी:
सात आठवड्यांनी लिहितेय. बी-१२ खरोखरच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. वजन ५३.४. सकाळची अंडी रोज होतात, दूध कधी होतं कधी नाही, त्यावरून आमचे वादही होतात. शेंगांचं रोप किडीने गेलं, आईने दुसरं बी टाकलं. खुर्चीतून ती आता एक हात टेकून उठते. पहिल्या झटक्यात.

तिने जुनी रोजनिशी काढलीय, बाबांची, अर्धी कोरी होती. काल मी घरी आले तेव्हा त्यात लिहिलेलं होतं: "पालक १८० ग्रॅम. डाळीत घातला. दोघींना पुरला."

तराजू:
त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि विचारा, वाटीचं वजन वजा केलंय ना?