दहा बाय नऊच्या खोलीत पेशंट लिफ्ट चालेल का?

सानपाडा_सून
सिडकोचं जुनं घर आहे. सासऱ्यांना अर्धांगवायू, उजवी बाजू पूर्ण गेलेली, वजन ७८ किलो. बसवलं की एका बाजूला कलतात. लघवीची नळी आहे. खोली १० बाय ९ फूट, पलंग खालून बंद (सामान ठेवायचा), समोर दोन फुटी कपाट. बाथरूमचं दार २४ इंच, उंबरठा दोन इंच. दिवसा घरी मी आणि मावशी. माणसाला झोळीत घालून उचलणारी, चाकांवरची बॅटरीची लिफ्ट घ्यावी म्हणतोय. दुकानदार म्हणतात, थेट बाथरूमपर्यंत नेता येईल. जाईल का? स्लिंग, म्हणजे ती झोळी, कोणती घ्यायची?

उपकरणवाला_ठाणे
बाथरूमचा विचार सोडाच. लिफ्टचे खालचे पाय (चाकं लावलेले दोन दांडे) मिटले तरी बहुतेक लिफ्ट २४ ते २७ इंच रुंद भरतात आणि दाराची फळी उघडल्यावरही इंच-दीड इंच खाते. त्याहून मोठा धोका उंबरठ्याचा. पुढची चाकं छोटी असतात, ती अडली आणि मागून रेटा बसला की वर टांगलेल्या माणसासकट लिफ्ट पुढे कलंडते. लिफ्टचं काम पलंगावरून खुर्चीत, एवढंच. पुढचा प्रवास चाकांच्या कमोड चेअरने करा. तिची रुंदी बघून घ्या, २१-२२ इंची मिळतात. उंबरठ्याला दोन फूट लांबीचा रॅम्प लावा, बाथरूमची जमीन खाली असेल तर आतूनही. उंबरठा फोडू नका, पाणी खोलीत येईल.

खरी अडचण तुमचा पलंग आहे. लिफ्टचे पाय पलंगाखाली गेल्याशिवाय हूक माणसाच्या वर येतच नाही. पाय चाकांसकट साडेचार-पाच इंच उंच असतात, म्हणजे खाली सहा इंच मोकळे हवेत. बंद पलंगाला इलाज नाही. हॉस्पिटल कॉट भाड्याने आणा, पण आणण्याआधी कॉट वर-खाली करायच्या हँडलची खालची दांडी मध्ये येत नाही ना ते वाकून बघा. पलंगाखाली विटा ठेवून उंची वाढवू नका, सरकतात.

जागेसाठी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून चार फूट बाय सव्वादोन फुटांचा तुकडा करा आणि लिफ्ट समजून जमिनीवर सरकवा. कॉट लांबीच्या भिंतीला लावली तर समोर सहा फूट उरतात. कपाट तिथेच राहिलं तर चारच, आणि लिफ्ट मागे घेताना ढकलणाऱ्याला उभं राहायला जागा नाही. कपाट हलवावं लागेल. खुर्ची कॉटच्या पायथ्याशी आधीच लावून ठेवा, म्हणजे लिफ्ट पाव वळणच फिरवावी लागते.

फिजिओ_कोपरी
स्लिंग दोन पायांत विभागलेली, डोक्याला आधार असलेली घ्या. ‘टॉयलेट स्लिंग’ घालायला सोपी वाटते, पण धड आणि खांदे सावरता येत नसतील तर माणूस तिच्यातून खाली घसरतो. सासऱ्यांसाठी ती नकोच. मापही बघा. मोठी स्लिंग असली तर बूड खाली निसटतं, लहान असली तर जांघेत रुतते.

सासऱ्यांना कुशीवर वळवून अर्धी घडी केलेली स्लिंग पाठीमागे सरकवा, खालची कड माकडहाडाला यायला हवी. मग दुसऱ्या कुशीवर वळवून घडी ओढा. पायांच्या पट्ट्या मांड्यांखालून आत आणा आणि एकमेकींतून ओवून, म्हणजे फुली करून, हुकात अडकवा. फुली नसेल तर मांड्या फाकतात. पट्ट्यांना वेगवेगळ्या रंगांच्या आखूड-लांब कड्या असतात. खांद्याकडे आखूड कड्या, पायांकडे लांब. डावी-उजवीकडे रंग सारखाच. यात गल्लत झाली की माणूस तिरका टांगला जातो. आखूड-लांबची अदलाबदल झाली तर बूड खाली येण्याऐवजी पाय वर जातात.

उजवा हात पोटावर, स्लिंगच्या आत ठेवा. अर्धांगात खांद्याचा सांधा सैल होतो, लोंबत राहिला तर निखळू शकतो. लघवीची पिशवी आधी कॉटवरून सोडवा, मूत्राशयाच्या खालीच राहील आणि नळी ताणली जाणार नाही अशी धरा. जेवणानंतर अर्धा तास तरी उचलू नका.

लिफ्टचे पाय पूर्ण उघडे, लिफ्टचे ब्रेक मोकळे, कॉटचे आणि खुर्चीचे लावलेले. लिफ्टचे ब्रेक लावले तर उचलताना ती स्वतःहून तोल साधून सरकू शकत नाही. (तुमच्या कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.) गादीपासून दोन इंच उचला, थांबा, चारही कड्या तपासा, मगच पुढे. ढकलताना हँडल धरा, दांडा किंवा माणूस नाही. मावशींनी गुडघे आणि डोकं सांभाळायचं. दोघी असल्याशिवाय करू नका.

सानपाडा_सून
कपाट हॉलमध्ये जाईल. मध्येच वीज गेली तर? आणि खुर्चीत बसवल्यावर स्लिंग तशीच ठेवायची का?

उपकरणवाला_ठाणे
लिफ्ट बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेल्याने काही होत नाही. रात्री चार्जिंगला लावा, पूर्ण उतरू देऊ नका. रिमोट दाबून काहीच झालं नाही तर आधी कंट्रोल बॉक्सवरचं लाल बटण बघा, बहुतेक वेळा ते कोणाच्या तरी हाताने दाबलेलं असतं, फिरवून सोडा. हाताने खाली आणायची वेगळी कडी वर मोटरपाशी असते. ती रिकाम्या लिफ्टवर आधी वापरून बघा. खाली आणताना हुकाची दांडी चेहऱ्याजवळ येते, हाताने धरून ठेवा.

फिजिओ_कोपरी
स्लिंग काढा. त्वचेवर चुण्या रुतून बेडसोर व्हायला वेळ लागत नाही. पायांच्या पट्ट्या आधी बाहेर, मग पाठीमागून वर ओढायची. धुताना ब्लीच नको, सावलीत वाळवा. पावसाळ्यात दमट राहते म्हणून दोन स्लिंग ठेवा. दर वेळी शिवण बघा. कड्यांचा एक धागा जरी उसवला असेल तरी ती स्लिंग बाद.