डॅनबरी ट्रॅशर्स : गावाची टीम की कचरासम्राटाचा दरबार?

भोचक_भाऊ (धागाकर्ता)
अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात डॅनबरी हे गाव आहे. एकेकाळी टोप्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तिथे 2004 ते 2006 असे जेमतेम दोन मोसम एक आइस हॉकी टीम होती, डॅनबरी ट्रॅशर्स. खेळायची युनायटेड हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएल या अमेरिकेतल्या सर्वात वरच्या हॉकी लीगच्या बऱ्याच पायऱ्या खाली. मालक जेम्स गॅलान्टे, कचरा उचलण्याच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. पोराचं हॉकी खेळणं दुखापतीने सुटलं, तर बापाने त्याला अख्खी टीमच घेऊन दिली. ए. जे. गॅलान्टे वयाच्या 17व्या वर्षी प्रेसिडेंट आणि जनरल मॅनेजर! टीमचं नाव कचऱ्यावरून, बोधचिन्ह म्हणजे हॉकी स्टिक घेतलेला खवळलेला कचऱ्याचा डबा.

जून 2006 मध्ये गॅलान्टेवर आरोपपत्र आलं आणि टीमचा गाशा गुंडाळला. 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर माहितीपट आला, तेव्हापासून जो तो 'काय ती टीम, काय ती मारामारी, एकदम ओके' करत सुटलाय. माझं मत स्पष्ट आहे. या टीमच्या नावाने उसासे टाकण्यासारखं काहीही नाही. तो एका श्रीमंत बापाने पुरवलेला हट्ट होता, आणि बिल दुसऱ्यांच्या नावावर फाडलेलं होतं.

रिंकवाला
असहमत, आणि जोरात असहमत.

मायनर लीग, म्हणजे खालच्या पायरीवरच्या लीगमधलं हॉकी म्हणजे काय ते आधी समजून घ्या. तिकीट स्वस्त, बस प्रवास लांबचे, पगार तुटपुंजे, टीम कधी बंद पडेल याचा नेम नाही. अशा लीगमध्ये हा माणूस आला, पदरचे पैसे घालून रिंकमधल्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवतीच्या खुर्च्या वाढवल्या आणि त्या भरूनही दाखवल्या. सेक्शन 102 या प्रेक्षकांच्या भागात बसणाऱ्या कट्टर चाहत्यांच्या टोळक्याने पाहुण्या टीमला सळो की पळो करून सोडलं होतं. 2004-05 मध्ये मालक-खेळाडू वादात एनएचएलचा अख्खा मोसम रद्द झाला, तेव्हा माइक रप इथे येऊन खेळला. हा तोच रप, ज्याने 2003 च्या स्टॅन्ली कप (एनएचएलचा करंडक) फायनलच्या सातव्या सामन्यात न्यू जर्सी डेव्हिल्ससाठी निर्णायक गोल मारला होता. एवढ्याशा गावात असा खेळाडू एरवी कोण आणतं?

आणि पोराची चेष्टा करू नका. दुसऱ्याच मोसमात टीम फायनलला पोहोचली. 18-19 वर्षांच्या जनरल मॅनेजरचं हे काम आहे.

नीरजा_के
फायनलला पोहोचली कशी, हेही सांगा ना. त्या लीगमध्ये एका टीमने खेळाडूंच्या पगारावर मोसमात किती खर्च करायचा याची मर्यादा होती, 2,75,000 डॉलर. ट्रॅशर्सचा खर्च 7,50,000 च्या आसपास. वरचा पैसा दाखवायचा कुठे? तर खेळाडूंना आणि त्यांच्या बायकांना गॅलान्टेच्या कंपन्यांत कागदोपत्री नोकऱ्या. कामावर जायचंच नाही, पगार मात्र चालू. ही मर्यादा गरीब टीम तगाव्यात म्हणूनच असते. डॅनबरीची ऐट चालली होती ती त्याच लीगमधल्या इतर गावांच्या जिवावर.

खडूस_काका
नीरजाताईंशी सहमत, पण मुख्य मुद्दा याहून मोठा आहे आणि तो कुणी काढतच नाही.

गॅलान्टेचा पैसा आला कुठून? सरकारी पक्षाचं म्हणणं असं की पश्चिम कनेक्टिकट आणि शेजारच्या न्यूयॉर्कच्या भागात कचरा उचलणाऱ्यांनी गिऱ्हाइकं आपसात वाटून घेतली होती. एका कंपनीचं गिऱ्हाईक दुसरीने तोडायचं नाही. एखाद्या हॉटेलवाल्याने दुसऱ्याकडे दर विचारला, तर त्याने मुद्दाम चढा दर सांगायचा, की झक मारत पहिल्याकडेच परत. ही वाटणी नीट पाळली जावी म्हणून जेनोव्हीज माफिया घराण्यातल्या मॅथ्यू इयानिएलोला हप्ता, दर तिमाहीला 30,000 डॉलर.

आता हिशोब लावा. डॅनबरीतला पिझ्झावाला महिन्याला कचऱ्याचं बिल फुगवून भरतोय, आणि शनिवारी तिकीट काढून त्याच पैशावर चाललेल्या टीमला टाळ्या वाजवतोय. 'गावाला काय दिलं' म्हणणाऱ्यांनी गावाकडून काय काढलं तेही मोजावं.

बर्फातला_बाळू
काका, बिलाचा मुद्दा जबरी आहे. तो मान्य करूनही विचारतो, गॅलान्टेने टीम काढली नसती तर पिझ्झावाल्याचं बिल कमी झालं असतं का? नाही. पैसा बोटीवर नाहीतर बंगल्यावर गेला असता. त्यातला थोडा तरी रिंकवर खर्च झाला आणि लोकांना दोन हिवाळे मजा आली.

खडूस_काका
म्हणजे दरोडेखोराने गावजेवण घातलं की पंगतीला बसून 'अन्नदाता सुखी भव'?

रिंकवाला
शिक्षा झाली ना त्याला. 2008 मध्ये गुन्हा कबूल केला, 87 महिन्यांची कैद झाली, कंपन्या जप्त झाल्या. काही काळ तर कचऱ्याचा धंदा अमेरिकी मार्शल खात्याच्या देखरेखीखाली चालला. कायद्याने आपलं काम केलं. ए. जे.वर एकही आरोप नव्हता, खेळाडू तर बिचारे पोटासाठी आलेले. त्यांनी बर्फावर जे केलं त्यालाही तुम्ही गुन्ह्याच्याच खात्यात टाकताय.

भोचक_भाऊ
बर्फावर काय केलं? ठोसे मारले! कोण आलं, किती जणांना लोळवलं, याच्याच कथा. हॉकीत हाणामारीला पाच मिनिटं बाहेर बसवतात आणि मग खेळाडू परत येतो, हे मला ठाऊक आहे. पण टीम उभी करतानाच मारकुटे शोधून आणायचे, याला खेळ म्हणायचं?

नीरजा_के
भाऊ, इथे मात्र मी रिंकवालांच्या बाजूने. मारकुटे ठेवणं ट्रॅशर्सनी शोधून काढलेलं नाही. त्या काळी वरपासून खालपर्यंत प्रत्येक लीगमध्ये असा खेळाडू असायचा. आपल्या गोल करणाऱ्या पोराला कुणी आडवं घेतलं तर हिशोब चुकता करायला. या लोकांच्या डोक्याला, हातांना पुढे काय भोगावं लागतं हा गंभीर विषय आहे, पण तो अख्ख्या खेळाचा आहे. ट्रॅशर्सचं स्वतःचं पाप पगारपत्रकातलं आहे. ते सोडून ठोशांवर बोललात की त्यांचे भक्त खूश होतात, कारण ठोसे तर ते मिरवतातच.

बर्फातला_बाळू
माहितीपटाबद्दल हेच वाटलं. हाणामारी पोटभर, पिझ्झावाल्याच्या बिलाला त्या मानाने जागा कमी.

रिंकवाला
बरं, मग दुसऱ्या बाजूने. टीम गेल्यावर त्याच रिंकवर व्हेलर्स आले, टायटन्स आले, दोन्ही टीम बंद पडल्या. 2019 पासून हॅट ट्रिक्स आहेत, 2023 मध्ये त्यांनी आपल्या लीगचा करंडकही जिंकला. ट्रॅशर्सनी काय जिंकलं? काही नाही. तरी बाहेरच्या जगात डॅनबरीचं हॉकी म्हटलं की कचऱ्याचा डबाच आठवतो. नुसत्या पैशाने हे होत नाही.

खडूस_काका
पैशाने नाही, खटल्याने झालं. आरोपपत्र नसतं तर तुम्ही-आम्ही हे नाव ऐकलं तरी असतं का?

बर्फातला_बाळू
तेवढं सोडा. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट खर्च करून 2006 ची फायनल कलामाझूच्या टीमकडून हरले, त्याचं काय?

रिंकवाला
सेक्शन 102 ला विचारा. रेफरीला शिव्या देतील.