आजीची गाणी, घरचे फोटो, शेताचे कागद: भाड्याच्या क्लाउडवर की आपल्याच घरात?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मंडळी, प्रश्न विचारतोय आणि माझं मतही सांगतोय.

आमच्या घरात जपण्यासारखं साधारण १८० जीबी आहे. सातबारे, फेरफार, वडिलांच्या पेन्शनचे कागद, पंधरा वर्षांचे फोटो, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे आजीनं म्हटलेली, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी. श्रावणात कानबाई बसली की रात्री ती गायची आणि मी फोनवर टिपून ठेवायचो. आजी आता नाही. हे सगळं एका पोर्टेबल डिस्कवर होतं. मार्चमध्ये डिस्क टेबलावरून पडली आणि आतून टकटक वाजायला लागली. कागद आणि फोटो इकडून तिकडून पुन्हा गोळा केले. पंधरा गाण्यांपैकी अकरा पुण्याच्या बहिणीच्या जुन्या फोनमध्ये सापडली. चार गेली.

आता एकाच जागी काही ठेवायचं नाही, हे पक्कं. फोन, घरचा लॅपटॉप आणि दुकानातला कॉम्प्युटर, तिन्हीकडे फाइली आपोआप सारख्या राहायला हव्यात. फुकट जागा पुरत नाही: गुगल १५ जीबी देतं, त्यातच जीमेल आणि फोटोही मोजतं. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅपल पाच-पाच, ड्रॉपबॉक्स दोन. पुढे जन्मभर भाडं, आणि भाडं भरूनही बहुतेक ठिकाणी कुलपाची किल्ली कंपनीच्याच हातात, म्हणजे ठरवलं तर कंपनी आपल्या फाइली उघडू शकते.

माझं मत असं की, घरात पडलेल्या जुन्या लॅपटॉपला मोठी डिस्क लावावी आणि सिंकथिंग चालवावं, म्हणजे आपल्या सगळ्या उपकरणांवर फाइली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे, मध्ये कुणाचा सर्व्हर साठवण करत नाही. आपलं एक उपकरण आपल्याच दुसऱ्या उपकरणाशी थेट बोलतं. आपल्या घरची चीज आपल्या घरात. कुणाला पटत नसेल तर का, ते सांगा.

भुसावळकर

भाऊ, मला पटत नाही. मी १०० जीबीचे वर्षाला १,३०० रुपये भरत आलोय आणि एकदाही डोक्याला ताप झाला नाही. तुम्ही २ टीबी घेतलंत तरी खर्च नव्या डिस्कच्या आसपासच जाईल, आणि ती डिस्कही कधीतरी मरणारच.

आपल्या भागाचा विचार करा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. पोर्टेबल डिस्कची माहितीपत्रकं वाचा, कित्येकांवर चालवण्याची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, आणि तुमची डिस्क पत्र्याखालच्या खोलीत इन्व्हर्टरवर चोवीस तास फिरतेय. तिकडे डेटा सेंटरमध्ये गारवा, जनरेटर, एका फाइलच्या अनेक प्रती. ही सोय घरात उभी करायला आपण कोण?

आणखी एक. अँड्रॉइडवरचं सिंकथिंगचं अधिकृत अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस बंद झालं. आता लोक सिंकथिंग-फोर्क नावाचं दुसऱ्यांनी चालवलेलं अ‍ॅप वापरतात. उद्या तेही थांबलं तर?

पांझराकाठची (धुळे)

तुम्ही दोघंही १८० जीबी एकाच गाठोड्यात बांधताय, तिथेच चुकतंय.

सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीसह पुन्हा निघतो. आधार आणि वाहन परवाना डिजीलॉकरमधून पुन्हा मिळतो, आणि तिथे जारी झालेली प्रत २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते. हे हरवलं तर त्रास होईल, पण परत मिळेल. आजीचा आवाज कुठल्याही कार्यालयातून परत निघत नाही.

आता आवाजाचं वजन बघा. तासाभराचं रेकॉर्डिंग १२८ केबीपीएस या दर्जाला जेमतेम ५८ एमबी होतं. अकरा गाणी फुकटच्या कुठल्याही खात्यात मावतील, तीन वेगळ्या कंपन्यांकडे ठेवलीत तरी एक रुपया लागणार नाही. खासगीपणाची काळजी असेल तर आधी क्रिप्टोमेटर या फाइलींना कुलूप लावणाऱ्या अ‍ॅपच्या तिजोरीत टाका आणि मग चढवा. कंपनीला फक्त कुलूपबंद डबा दिसतो, फाइलींची नावंसुद्धा वाचता येत नाहीत. बदल्यात दोन गोष्टी सोसाव्या लागतात: ब्राउझरमध्ये फोटोची झलक दिसत नाही, आणि पासवर्ड व रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर लागणारी राखीव किल्ली) दोन्ही हरवल्या तर जगात कुणीही ती तिजोरी उघडू शकत नाही.

आणि भाऊ, सिंक म्हणजे बॅकअप नाही. दुकानातल्या पोरानं एक फोल्डर चुकून उडवलं की ते घरातूनही उडतं आणि फोनमधूनही. सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या राखायची सोय आहे, पण ती आपण प्रत्येक फोल्डरसाठी मुद्दाम चालू करायची असते. केली आहे का?

गिरणाकाठ

ताई, खरं सांगतो, केली नव्हती. आत्ता केली. गाणी वेगळी काढायचं डोक्यात आलंच नव्हतं.

भुसावळकर, डिस्क चोवीस तास फिरायची गरजच नाही. रात्री नऊ ते सहा चालवली तरी माझं काम होतं आणि उन्हाचा प्रश्नही सुटतो. विजेचा हिशोबही केला. लॅपटॉपनं १५ वॅट घेतले तर नऊ तासांनी महिन्याला चार युनिट.

तापीकाठची (शिरपूर)

माझं म्हणणं वेगळं आहे. माझे वडील मागच्या वर्षी गेले. त्यांनीही सगळं घरात स्वतः उभं केलं होतं: छोटा कॉम्प्युटर, दोन डिस्क, सगळ्यावर एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणारं कुलूप. अतिशय नीट. पण त्यातलं आईला काही ठाऊक नव्हतं आणि मला अर्धंच. आजही त्या डिस्क कपाटात आहेत आणि उघडत नाहीत. त्यात माझ्या लहानपणाचे व्हिडिओ आहेत.

गुगलमध्ये २०१३ पासून सोय आहे: खातं इतके महिने वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला डेटा द्यायचा. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये तसा वारस नेमायची सोय आणली. घरच्या डब्याला असा वारस कोण? तुमच्यानंतर तो कोण उघडणार, हे आधी सांगा आणि मग खासगीपणाचं बोला. मला कंपनीनं माझे फोटो पाहिले असते तरी चाललं असतं. पण ते मला दिसायला हवे होते.

केळीबाग (रावेर)

ताई, तुमचं दुःख समजतं, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. पण कंपनीवर सगळा भार टाकू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक आख्खी इमारत गेली. ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता, त्यांचं दोन्ही गेलं. अ‍ॅपलनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधली पूर्ण एन्क्रिप्शनची सोय सरकारी दबावापुढे काढून घेतली. म्हणजे आज कंपनी जे देते ते उद्या राहीलच असं नाही.

मी काय केलंय ते सांगतो. एक प्रत रावेरला घरी, दुसरी जळगावला मामांकडे. सिंकथिंगमध्ये समोरच्या उपकरणावर फाइली कुलूपबंद स्वरूपातच ठेवायची सोय आहे. मामांच्या कॉम्प्युटरवर माझा सगळा डेटा आहे, पण मामांना तो वाचता येत नाही. ही सोय अजून चाचणीच्या टप्प्यात आहे असं सिंकथिंगवालेच सांगतात, म्हणून दर दोन महिन्यांनी चार फाइली परत उघडून बघतो. आमच्याकडे राउटरला बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळत नाही, त्यामुळे डेटा थेट न जाता मधल्या रिलेवरून, म्हणजे फक्त पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरवरून जातो आणि वेग कमी पडतो. पहिल्यांदा डिस्क रावेरहून एसटीनं नेली, आता रोजचे बदल तेवढे जातात.

भुसावळकर

मामा आहेत म्हणून तुमचं जमलं. ज्याचं कुणी नाही, त्यानं भाडंच भरावं, या मतावर मी आहे. पण डिस्क फक्त रात्री चालवायची गोष्ट पटली. आणि शिरपूरच्या ताईंचं वाचून आज मी माझ्या खात्यात बायकोचं नाव घातलं. इतकी वर्षं पैसे भरतोय आणि हे केलं नव्हतं.

गिरणाकाठ

ठरलं. गाणी आजच तीन ठिकाणी गेली, त्यातल्या दोन ठिकाणी क्रिप्टोमेटरमध्ये आणि एका ठिकाणी उघडी. उघडी मुद्दाम. कानबाईचं गाणं लपवायचं कशाला, गावातल्या कुणालाही ते ऐकू दे. फोटो आणि व्हिडिओ घरी, दुसरी प्रत बहिणीकडे पुण्याला. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत, आईच्या कपाटात. आईला सांगितलं, ही चिठ्ठी कशाची. ती म्हणाली, त्यात मन्ही सासूचं गाणं शे ना, मग मी ती कुठं हरवते?

शिरपूरच्या ताई, त्या डिस्क कुठल्या प्रणालीवर कुलूपबंद आहेत ते कळलं तर इथे लिहा. वडिलांच्या जुन्या वह्या, डायऱ्या, कॅलेंडरच्या मागची पानंही बघा. अशी माणसं रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवतात.

तापीकाठची

वह्या आहेत. दोन ट्रंका भरून. रविवारी काढते.